संयुजा इलेक्ट्रॉन मोजा, आयन ओळखा: तक्ता पाठ न करता आवर्तसारणी वाचण्याची रीत

घरात कुणाचा रक्ततपासणीचा रिपोर्ट असेल तर त्यातलं इलेक्ट्रोलाइट्सचं पान काढून बघा. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड अशी तीन नावं ओळीने दिसतील. सोडिअमपुढे बहुतेक वेळा १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर अशी सामान्य मर्यादा छापलेली असते. सोडिअम म्हणजे पाण्यात टाकताच उसळणारा, कधी कधी पेटही घेणारा धातू. म्हणून तर प्रयोगशाळेत तो रॉकेलात बुडवून ठेवतात. क्लोरीन म्हणजे फुप्फुसं जाळणारा वायू. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तो शस्त्र म्हणून वापरला गेला. हेच दोघं आपल्या रक्तातून रात्रंदिवस फिरत असतात आणि त्यांचं प्रमाण फार घसरलं तर माणसाला सलाईन लावावी लागते. धातू सोडिअम आणि रक्तातलं सोडिअम यांत फरक आहे फक्त एका इलेक्ट्रॉनचा. वायू क्लोरीन आणि रिपोर्टमधलं क्लोराइड यांतही तेवढाच. इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने प्रभार आलेल्या अशा अणूला आयन म्हणतात.

त्या एका इलेक्ट्रॉनचा माग कसा काढायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. शाळेत आपण संयुजेचा, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो त्या आकड्याचा, तक्ता पाठ करतो: सोडिअम एक, मॅग्नेशिअम दोन, ॲल्युमिनिअम तीन. परीक्षा झाली की तो विसरतो. मला मनापासून वाटतं की हे पाठांतर मुलांवर लादू नये. आवर्तसारणी भिंतीवर टांगलेली असेल तर यातलं जवळजवळ सगळं तिच्यावरून वाचता येतं.

पायरी १: आधी पत्ता काढा

प्रत्येक मूलद्रव्याच्या पत्त्याला दोन भाग असतात. उभा स्तंभ म्हणजे गण, आडवी ओळ म्हणजे आवर्त. गण १८, आवर्त ७. अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन थराथरांत असतात, त्या थरांना कवचं म्हणतात. आवर्ताचा क्रमांक सांगतो की बाहेरचं कवच कितवं आहे. गणाचा क्रमांक सांगतो की त्या कवचात इलेक्ट्रॉन किती आहेत. बाहेरच्या कवचातले हेच ते संयुजा इलेक्ट्रॉन.

गण १ आणि २ साठी गणाचा अंक हाच संयुजा इलेक्ट्रॉनांचा आकडा. गण १३ ते १८ साठी त्यातून १० वजा करा. क्लोरीन गण १७ मध्ये, म्हणून ७. गंधक गण १६ मध्ये, म्हणून ६. अपवाद एकच, हेलिअम: तो गण १८ मध्ये बसतो, पण त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच मुळात दोन. गण ३ ते १२ आता बाजूला ठेवा, तिथे ही वजाबाकी चालत नाही.

पडताळा घ्यायचा तर इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते लिहून बघा. सोडिअमचा अणुअंक ११, म्हणून २, ८, १. क्लोरीनचा १७, म्हणून २, ८, ७. इथे एक चूक वर्गात दरवर्षी होते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे मुलांनी वाचलेलं असतं, म्हणून अणुअंक २० असलेलं कॅल्शिअम ती २, ८, १० असं लिहून टाकतात. बरोबर उत्तर २, ८, ८, २. प्रत्येक कवचाचे एस, पी, डी असे लहान भाग असतात, त्यांना उपकवचं म्हणतात. जागा १८ ची असली तरी तिसऱ्या कवचाच्या आतल्या डी उपकवचाआधी चौथ्या कवचाचं एस उपकवच भरतं. पत्ता पाहण्याची सवय असेल तर ही चूक लगेच सापडते: कॅल्शिअम चौथ्या आवर्तात आहे, मग त्याच्या संरूपणात चार आकडे हवेतच.

पायरी २: इलेक्ट्रॉन काढायला किती खर्च येतो ते बघा

पुस्तकं इथे घाईने म्हणतात, "सोडिअमला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचं असतं, म्हणून तो एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो." हे वाक्य सोपं आहे, पण पुढे फार गोंधळ घालतं. अणूला काही हवं-नको नसतं. सोडिअमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन ओढून काढायला ऊर्जा खर्च करावी लागते. एक मोल अणूंमागे (मोल म्हणजे अणू मोजण्याचा एक ठरलेला, फार मोठा गठ्ठा) ४९६ किलोज्यूल. हिला पहिली आयनीभवन ऊर्जा म्हणतात. फुकटात इलेक्ट्रॉन देणारा एकही अणू आवर्तसारणीत नाही.

मग सोडिअम एकावरच का थांबतं? दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च बघा: ४,५६२ किलोज्यूल. म्हणजे पहिल्याच्या नऊ पटींहून जास्त. पहिला इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात एकटा होता, केंद्रकापासून लांब आणि आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला. दुसरा काढायचा म्हणजे भरलेल्या दुसऱ्या कवचात हात घालायचा, आणि तिथली पकड फार घट्ट.

मॅग्नेशिअमचे आकडे ओळीने: ७३८, १,४५१, ७,७३३. उडी दुसऱ्यानंतर. ॲल्युमिनिअमचे: ५७८, १,८१७, २,७४५, ११,५७७. उडी तिसऱ्यानंतर. उडीच्या आधी जितके आकडे, तितके संयुजा इलेक्ट्रॉन. नाव माहीत नसलं तरी अशा ओळीवरून गण ओळखता येतो. स्वतः करून बघा: ५९०, १,१४५, ४,९१२, ६,४९१. उडी दोननंतर आहे, म्हणून गण २. पहिला आकडा मॅग्नेशिअमपेक्षा कमी, म्हणजे त्याच्या खालचं कुणीतरी. हे कॅल्शिअम.

एखादा हुशार विद्यार्थी इथे हात वर करतो: "सर, मॅग्नेशिअमचं ७३८ वर भागत असताना ते आणखी १,४५१ कशाला खर्च करतं? एकावरच का थांबत नाही?" हा प्रश्न लाखमोलाचा आहे आणि अष्टकाचं वाक्य त्याला उत्तर देऊ शकत नाही. उत्तर पुढच्या पायरीतल्या जमाखर्चात आहे.

पायरी ३: जमाखर्च मांडा

क्लोरीनच्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सोडिअमकडून इलेक्ट्रॉन काढायला लागले ४९६. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ ची तूट आहे! शिवाय घन सोडिअमचे अणू सुटे करायला १०७ लागतात आणि क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला अणूमागे १२२. एकूण तूट ३७६.

तरीही मीठ तयार होतं, आणि होताना भरपूर उष्णता बाहेर पडते. कारण धन आणि ऋण आयन एकमेकांना खेचून स्फटिकात रचले गेले की ७८७ किलोज्यूल परत मिळतात. ३७६ वजा जाता ४११ शिल्लक. मीठ तयार होतं ते या ४११ च्या जोरावर. हा हिशेब एकदा हाताने मांडला की आयन का होतात हे कायमचं डोक्यात बसतं.

आता मॅग्नेशिअमचा प्रश्न. २+ आयन (दोन इलेक्ट्रॉन गेलेला) आणि दोन क्लोराइड यांचा स्फटिक रचला की सुमारे २,५०० किलोज्यूल मिळतात, मिठाच्या तिपटीहून जास्त. प्रभार दुप्पट झाला की ओढ जोरात वाढते. त्यामुळे दुसऱ्या इलेक्ट्रॉनचे १,४५१ सहज वसूल होतात. पण तिसऱ्याचे ७,७३३ कुठल्याच स्फटिकातून वसूल होत नाहीत. मॅग्नेशिअम दोनवर थांबतं ते इथे.

ऑक्सिजनची गोष्ट तर याहून बोलकी. पहिला इलेक्ट्रॉन घेताना त्याच्याकडून १४१ किलोज्यूल मिळतात, पण दुसरा घालायला उलट सातशेहून जास्त मोजावे लागतात, कारण आधीच ऋण झालेला आयन येणाऱ्या इलेक्ट्रॉनला ढकलतो. एकट्या सुट्या अणूच्या पातळीवर ऑक्साइडचा २− आयन हा तोट्याचा व्यवहार आहे, अष्टक पूर्ण होत असूनसुद्धा. तो टिकतो तो स्फटिकाच्या आधाराने. मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या स्फटिकातून ३,८०० च्या आसपास किलोज्यूल मिळतात, म्हणून सगळा खर्च भरून निघतो.

याच हिशेबाने कळतं की कोण आयन होणारच नाही. बोरॉन ॲल्युमिनिअमच्याच गणातलं, संयुजा इलेक्ट्रॉन तीनच. पण त्याचे तिन्ही काढायला ६,८८८ लागतात, ॲल्युमिनिअमला ५,१४०. बोरॉनचा सुटा ३+ आयन नेहमीच्या संयुगांत सापडत नाही. कार्बनचे चार काढायला तर चौदा हजारांच्या वर. तो इलेक्ट्रॉन वाटून घेतो, सहसंयुज बंध करतो, आणि त्याचं तेच बरं आहे.

पायरी ४: प्रभार लिहा आणि सूत्र जुळवा

गण १ चे धातू १+, गण २ चे २+, ॲल्युमिनिअम ३+. पलीकडून गण १७ चे १−, गण १६ चे २−, नायट्रोजनचा ३−. राजवायू, म्हणजे गण १८, या व्यवहारात सहसा पडत नाहीत; १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं, पण तो वेगळा विषय. हायड्रोजन दोन्ही बाजूंना जातो: आम्लात १+, सोडिअम हायड्राइडसारख्या संयुगात १−.

नाव देताना धातूचं नाव तसंच राहतं, अधातूच्या नावाला शेवटी 'आइड' लागतं. रिपोर्टमध्ये 'क्लोराइड' लिहिलेलं असतं ते यामुळे. सोडिअम तिथे आयनच असतं, पण त्याचं नाव बदलत नाही.

सूत्रात एकूण धन आणि एकूण ऋण प्रभार सारखे व्हायला हवेत. सरावासाठी तुरटी घ्या. तिच्यात पोटॅशिअम एक, ॲल्युमिनिअम एक, सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन मिळून झालेला आयन) दोन, शिवाय पाण्याचे बारा रेणू. पोटॅशिअम १+, ॲल्युमिनिअम ३+, बेरीज ४+. सल्फेटचे २− असे दोन, बेरीज ४−. जुळलं.

तुरटी हातात आहेच तर एक प्रयोग कराच. तीन काचेचे ग्लास, तिन्हींत सारखंच गढूळ पाणी. पावसाळ्यात ओढ्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर चिमूटभर काळी माती ढवळून दहा मिनिटं थांबा आणि वरवरचं पाणी ओतून घ्या. पहिल्या ग्लासात काही घालू नका. दुसऱ्यात चिमूटभर मीठ घालून ढवळा. तिसऱ्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा गोल फिरवून काढून घ्या. मग नुसतं बघत बसा. तिसऱ्या ग्लासात थोड्या वेळाने पाण्यात कापसासारखे बारीक पुंजके दिसू लागतात, ते हळूहळू जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी नितळ होतं. मिठाचा ग्लास त्याच्या कितीतरी मागे राहतो.

कारण असं: मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. धन आयन ती ढकलाढकल मोडतात, आणि १+ पेक्षा ३+ आयन हे काम फार जास्त ताकदीने करतो. शुल्झे आणि हार्डी यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तुरटीच्या ॲल्युमिनिअमपासून पाण्यात जेलसारखं हायड्रॉक्साइडही तयार होतं आणि तेही गाळ ओढून घेतं. आजीने रांजणात तुरटी फिरवली तेव्हा ती गण १३ वापरत होती.

पायरी ५: गणात खाली आणि आवर्तात पुढे काय बदलतं

गणात खाली जाताना संयुजा इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, पण कवचं वाढतात. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि मधल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा वाढतो. लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, असा खर्च उतरत जातो. पाण्यात टाकल्यावर हे डोळ्यांना दिसतं: लिथिअम शांतपणे बुडबुडे सोडतं, सोडिअम वितळून गोळी होतं आणि पृष्ठभागावर सैरावैरा धावतं, पोटॅशिअम लगेच जांभळट ज्योतीने पेटतं. (हे प्रयोग शिक्षकांनीच, काचेच्या आडून करायचे. घरी मुळीच नाही.)

अधातूंकडे उलट. हॅलोजनमध्ये सर्वांत वर बसलेलं फ्लोरीन सर्वांत क्रियाशील. मात्र इथेही 'इलेक्ट्रॉनची ओढ' एवढंच कारण देऊ नका. इलेक्ट्रॉन घेताना फ्लोरीनकडून ३२८ किलोज्यूल मिळतात, क्लोरीनकडून ३४९. म्हणजे या एका आकड्यात क्लोरीन पुढे आहे. फ्लोरीन बाजी मारतं ते दुसऱ्या दोन कारणांनी: त्याच्या रेणूतला बंध कमकुवत असतो आणि त्याचा आयन लहान असल्याने स्फटिकात घट्ट बसतो. पुन्हा जमाखर्चच.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच, पण केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो. पकड घट्ट होते, अणू आकसतो, इलेक्ट्रॉन काढायचा खर्च वाढतो. तिसऱ्या आवर्तात सोडिअम ४९६ आणि अरगॉन १,५२१. ही वाढ सरळ चढणीसारखी नाही. मॅग्नेशिअम ७३८ आणि त्याच्या पुढचं ॲल्युमिनिअम ५७८, कारण ॲल्युमिनिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन पी उपकवचात, थोडा वरच्या ऊर्जेवर बसतो. फॉस्फरस १,०१२ आणि गंधक १,०००, कारण गंधकात एका कक्षिकेत (उपकवचातल्या एका जागेत) दोन इलेक्ट्रॉनांची जोडी दाटीने राहते.

आयनांच्या आकारासाठी बाण पाठ करू नका, प्रोटॉन मोजा. ऑक्साइड, फ्लोराइड, सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम या पाचही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच. प्रोटॉन मात्र ८, ९, ११, १२, १३. त्रिज्या पिकोमीटरमध्ये साधारण १४०, १३३, १०२, ७२, ५४. इलेक्ट्रॉन तेवढेच आणि ओढणारे प्रोटॉन जास्त, म्हणून आयन लहान. सोडिअमचा अणू १८६ आणि आयन १०२: अख्खं बाहेरचं कवचच गेलं.

पायरी ६: मधला भाग, म्हणजे गण ३ ते १२

इथे खरोखर थोडं लक्षात ठेवावं लागतं. जस्त नेहमी २+, चांदी बहुधा १+, तांबं १+ आणि २+, लोह २+ आणि ३+. नियम एकच सांभाळा: भरताना ४एस आधी भरलं असलं तरी आयन होताना इलेक्ट्रॉन आधी ४एसमधूनच जातात. लोहाचं संरूपण २, ८, १४, २. बाहेरचे दोन गेले की २+, म्हणजे हिराकशीतलं फिकट हिरवं लोह. डी उपकवचातला आणखी एक गेला की ३+, म्हणजे गंजातलं तांबूस तपकिरी लोह.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, गावातल्या कृषी सेवा केंद्रात मिळतं. द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते चुन्याबरोबर असतंच. त्याच्या निळ्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग फिकट होऊन हिरवटपणाकडे झुकतो. लोहाने दोन इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या २+ आयनाने ते घेतले आणि त्याचं पुन्हा धातू झालं. मोरचूद विषारी आहे; हात धुवा आणि भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका.

शेवटी सगळ्या पायऱ्या एका अनोळखी नावावर

स्ट्रॉन्शिअम, अणुअंक ३८. पत्ता: गण २, आवर्त ५. संयुजा इलेक्ट्रॉन दोन, पाचव्या कवचात. खर्चाची ओळ: ५४९, १,०६४, ४,१३८. उडी दोननंतर, म्हणून आयन २+. क्लोराइडच्या सूत्रात एका स्ट्रॉन्शिअममागे दोन क्लोराइड. कॅल्शिअमच्या बरोबर खाली असल्याने पहिला खर्च त्याच्या ५९० पेक्षा कमी आणि आयन थोडा मोठा: कॅल्शिअम १००, स्ट्रॉन्शिअम ११८ पिकोमीटर. प्रभार तोच, आकार जवळपास तोच. मग जिथे कॅल्शिअम जातं तिथे स्ट्रॉन्शिअमही जाणार, म्हणजे दुधात, हाडांत आणि दातांत.

गेल्या शतकात हे भाकीत प्रत्यक्ष तपासलं गेलं. उघड्यावर केलेल्या अणुचाचण्यांतून स्ट्रॉन्शिअम-९० हे किरणोत्सारी समस्थानिक जगभर पसरत होतं. गवतावर पडायचं, गाईच्या पोटात जायचं, दुधातून मुलांकडे यायचं. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ च्या अखेरीस शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षांत तीन लाखांहून अधिक दात जमले. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शिअम-९० चं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. १९६३ मध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करण्यावर बंदी घालणारा करार झाला, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण उतरू लागलं.